उजवीकडून उघडणाऱ्या वह्या

भामाक्कांच्या वर्षश्राद्धाला एक छोटी स्मरणिका काढायची असं ठरलं, तेव्हा ती कुणी तयार करायची हा प्रश्न निघालाच नाही. घरात पुस्तकातलं कळणारा माणूस एकच, नामदेवराव. अक्कांचे सगळ्यांत धाकटे भाऊ. वय पंचाहत्तर, चाळीस वर्षं हैदराबादच्या एका मराठी ग्रंथालयात नोकरी, लग्न नाही, मोठ्याने बोलायची सवय नाही. चारचौघांत काही सांगायची वेळ आली की ते आधी घसा खाकरत, मग चष्मा पुसत, आणि तोवर दुसरंच कुणीतरी बोलायला लागलेलं असे.

"काका, तुम्हीच करायचं हे," पुतण्या अनिल नल्लकुंट्याहून फोनवर म्हणाला. "आम्हाला लिहिणं जमते का? मी व्हॉइस मेसेज टाकतो, बाकीच्यांना पण टाकायला लावतो. तुम्ही फक्त नीट लावा. हौ ना?"

"माझ्याच्याने होईल का रे?"

"झालं तुमचं सुरू! अक्कांनी तुम्हाला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तुमच्याच्याने नाही तर कोणाच्याने होणार?"

नामदेवरावांना स्वतःबद्दल कधीच फारशी खात्री वाटली नव्हती. नोकरी आपल्याला कुणाच्या तरी दयेने मिळाली असावी, लोक भिडेखातर आपल्याशी बोलत असावेत, असं त्यांना वाटे. खात्री होती ती एकाच गोष्टीची. एका माणसाने आपल्याला जीव लावला. आपल्यापायी लग्न केलं नाही, आपल्याला कधी नजरेआड होऊ दिलं नाही. बाकी सगळं काढून घेतलं तरी तेवढ्यावर आपण उभे राहू, असा त्यांचा हिशेब होता. स्मरणिकेच्या शेवटी, आपल्या नावाखाली, एवढंच लिहायचं त्यांनी ठरवलं.

अक्कांचं आयुष्य लिहायला सोपं होतं. वडील दत्तोबा भालकीकडची शेती भावांवर सोपवून निजामाच्या काळात काचीगुड्याला आले आणि त्यांनी कडब्या-पेंडीचं दुकान घातलं. मुलगी हुशार म्हणून तिला शाळेत घातलं. शाळा तेव्हा उर्दूची, म्हणून भामा उर्दू शिकली. पुढे राज्य गेलं, भाषा बदलल्या, आणि ती मराठी शाळेत मास्तरीणबाई झाली. आई लवकर गेली, मागोमाग वडील. दोन्ही भावांचं सगळं तिनेच केलं. थोरल्याचं लग्न, त्याची मुलं, मुलांची मुलं. बरकतपुऱ्यात घर बांधलं. नव्वदी गाठली तरी लुगड्याच्या निऱ्या स्वतः घालत होती आणि वाटीत उरलेल्या वरणासाठी सगळ्यांना रागवत होती.

निरोप यायला लागले. नामदेवराव कानाला फोन लावून ऐकत आणि कागदावर उतरवून घेत.

पुण्याहून पुतणी अलकाचा आला. "अक्का दर शनिवारी शाळेतून येताना आम्हाला गोळ्या आणायची आणि नामूकाकांना पुस्तक. एक शनिवार चुकवला नाही. पाऊस असो, कर्फ्यू असो. एकदा पुस्तक मिळालं नाही तर जुन्या पंचांगांचा गठ्ठा घेऊन आली. काकांनी तोही वाचून काढला! आम्ही इतके हसलो होतो."

अनिलचा निरोप लांबलचक होता. "अक्का काकांना खोलीत झोपवून बाहेरून कडी लावत होत्या. काका लहानपणी झोपेत चालायचे म्हणे. पण काका साठीचे झाले तरी कडी चालूच! आणि आवाज? नाव नको. कडी आधी जराशी वर उचलून धरायच्या, मग हळूच सरकवायच्या. काकांची झोप मोडू नये म्हणून. असं प्रेम आता कुठं बघायला मिळते?"

हे लिहून घेताना नामदेवराव एकटेच हसले. कडीचा तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. आवाज कसला, आवाज न होऊ देण्याचाच एक आवाज. जागे असले तरी ते डोळे मिटून पडत आणि तो ऐकत. मग झोप येई.

आणि नुमाइश. प्रत्येकाच्या निरोपात नुमाइश होतीच. नामपल्लीच्या मैदानावर जानेवारीत प्रदर्शन भरतं आणि अख्खं हैदराबाद तिकडे लोटतं. अक्का दर वर्षी न चुकता जात, आणि नेमक्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला. करीचा दिवस. त्या दिवशी आपल्याकडे कुणी चांगल्या कामाला बाहेर पडत नाही. तेलुगू शेजारी त्याला कनुमा म्हणतात, तेही गावाला जात नाहीत. अक्का मात्र नामदेवरावांना घेऊन निघत. शालींच्या दुकानांमागे एक कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली त्यांना उभं करत आणि स्वतः थोड्या अंतरावर जाऊन थांबत. अर्धा तास, कधी तास. मग मिरचीची भजी घेऊन दोघं घरी येत. गेल्या वर्षी चाकांच्या खुर्चीवरूनसुद्धा त्यांनी हा नेम सोडला नाही. त्यानंतर महिन्याभरात त्या गेल्या.

त्याची गोष्टही सगळ्यांना ठाऊक होती. नामदेवराव सहा वर्षांचे असताना तिथे हरवले होते, आणि त्या झाडाखाली अक्कांना सापडले होते. नामदेवरावांच्या आयुष्यातली ती पहिली आठवण. त्याच्या आधीचं त्यांना काही आठवत नसे. झाडाची साल पाठीला टोचते आहे, धूळ, लाउडस्पीकरवर गाणं, आणि गर्दीतून अक्का धावत येते आहे. केस सुटलेले. दहा पावलांवर ती एकदम थांबली. थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. कितीतरी वेळ. मग पुढे येऊन तिने त्यांचा हात धरला.

त्या बघण्याची त्यांना आयुष्यभर शिदोरी पुरली होती.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी अनिलची मुलगी प्रियदर्शिनी आली. ती कोंडापूरला राहायची, तिथेच एका कंपनीत होती. स्मरणिकेचं टायपिंग तिच्याकडे होतं.

"आजोबा, तुम्ही वाचा, मी टाइप करते. मला मराठी वाचायला लई टाइम लागतो."

"इतकी वर्षं शिकवलं तुला."

"तुम्ही नाही, मोठ्या अक्कांनी शिकवलं. आणि मी पळून जात होते." ती कपाटात जुने फोटो धुंडाळत होती. "हे काय आहे?"

खालच्या कप्प्यात, अक्कांच्या लुगड्यांखाली, सहा वह्या होत्या. जाड पुठ्ठ्याच्या, पाठीला कापडी पट्टी. तिने एक उघडली. पहिलं पान मिळेना, तेव्हा तिच्या लक्षात आलं की ही वही उजवीकडून उघडते.

"उर्दू! आजोबा, हे गोल्ड आहे. डायरी आहे का?"

"शाळेची टिपणं असतील. ती तसंच म्हणायची."

"तुम्हाला वाचता येत नाही?"

नामदेवरावांनी मान हलवली. मराठी, इंग्रजी, तेलुगू, हिंदी, थोडं संस्कृत, कन्नडही त्यांनी पुस्तकांच्या पाठीवरून शिकून घेतलं होतं. उर्दू राहिली होती. पंधरा-सोळा वर्षांचे असताना त्यांनी अक्कांच्या वहीवरून एक अक्षर गिरवून बघितलं होतं. अक्कांनी मागून येऊन कागद ओढून घेतला आणि थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. "तेवढं सोडून जगातलं काहीही शीक," असं म्हणून ती रडायला लागली होती. तिने रझाकारांच्या दिवसांत काय काय बघितलं असेल, असं थोरला भाऊ म्हणाला. नामदेवरावांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

"कोणाकडून तरी वाचून घ्या ना," प्रियदर्शिनी म्हणाली. "स्मरणिकेत तिच्या स्वतःच्या चार ओळी आल्या तर सगळे रडतील बघा."

चप्पल बाजारात मोइनुद्दीन साहेब राहत. ते एके काळी एका उर्दू वर्तमानपत्रात कातिब होते, म्हणजे संगणक येण्याआधी ते अख्खं पान बोरूने लिहून काढत. नामदेवरावांची त्यांची ओळख ग्रंथालयातली. किंक्रांतीच्या दिवशी सकाळी नामदेवराव निघाले. त्या दिवशी घरी बसून राहणं त्यांना नकोसं वाटत होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच नुमाइशला जायचं नव्हतं. सहा वह्या एकदम नेऊन म्हाताऱ्या माणसाला त्रास कशाला, म्हणून त्यांनी पहिली तेवढी पिशवीत घातली. प्रियदर्शिनीचा फोन आला तेव्हा तसं सांगितलंही. "आधी एकच नेतो. कामाचं निघालं तर बाकीच्या."

मोइनुद्दीन साहेब अंगणात उन्हाला बसले होते. नामदेवरावांनी तिळगुळाची डबी पुढे केली. एक दिवस उशीर झाला होता, पण त्याची दोघांनाही फिकीर नव्हती.

"आओ आओ, नामदेवराव. बाजी की किताब लाए? देखूँ तो." अक्कांना ते बाजी, थोरली बहीण, म्हणत. त्यांनी भिंग काढलं. "माशाल्ला. क्या ख़त है! मोती रख दिए एक एक."

नामदेवरावांना त्या पानावर नुसत्या वेलांट्या आणि ठिपके दिसत होते. मुंग्या चालत जाव्यात तसे.

पहिल्या पानावर एकच ओळ होती. मोइनुद्दीन साहेबांनी ती मनात वाचली. मान वर करून एकदा नामदेवरावांकडे पाहिलं. मग ते पान उलटून पुढचं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. उर्दू वाचत, अडलं तर दखनीत फोड करून सांगत. मधूनमधून मराठी शब्दही होते. नामदेवराव मनातल्या मनात ते मराठीत लावत गेले.

'आज करीचा दिवस. आई नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. नुमाइशमध्ये शाली बघताना नामाचा हात सुटला. लिंबाच्या झाडाखालून मी चार वेळा गेले. चारही वेळा तिथे कोणी नव्हतं. पाचव्यांदा गेले तेव्हा तो तिथे उभा होता. स्वेटर नामाचा. चेहरा नामाचा. मी धावत गेले आणि दहा पावलांवर थांबले. तो नामा नव्हता.'

मोइनुद्दीन साहेब थांबले. गल्लीत पतंगवाली पोरं ओरडत होती.

"आगे?" नामदेवरावांनी विचारलं.

'आईने त्याला मांडीवर घेतलं. तिला कळलं नाही. वडिलांना कळलं नाही. विचारलेलं सगळं सांगतो. वडिलांचं नाव, गल्ली, म्हशीचं नाव. पाठ केल्यासारखं सांगतो. नामा डाव्या हाताने जेवायचा, मार खायचा, तरी डाव्यानेच जेवायचा. हा उजव्या हाताने जेवला. आई म्हणाली, बघा, शहाणा झाला माझा सोन्या. मी बघत होते. त्यानेही माझ्याकडे बघितलं. मला कळलंय हे त्याला कळलं की नाही, सांगता येत नाही.'

वही मिटली. मोइनुद्दीन साहेबांनी ती दोन्ही हातांनी नामदेवरावांच्या मांडीवर ठेवली.

"नक्को, नामदेवराव. आगे हमसे नहीं पढ़ा जाता."

"कहानी होगी साहेब. कुछ लिखती होगी."

"होगी." ते उठून उभे राहिले. निरोप देताना ते नेहमी हात हातात घेत. त्या दिवशी त्यांनी हात मागेच ठेवले होते.

नामदेवराव घरी आले ते पायीच. वाटेत दारोदार मोठमोठ्या रांगोळ्या होत्या, कालच्या, कडा पुसट झालेल्या. कुणीतरी ओळखीचं भेटलं, तेलुगूत "नमस्ते अंडि," म्हणालं. त्यांनी मान हलवली.

कहाणीच असणार. अक्काला लिहायची हौस असेल, लाजेकाजेस्तव कुणाला सांगितलं नसेल. आपण तरी कुठे सांगतो काही. असं म्हणत त्यांनी कुलूप काढलं, हातपाय धुतले, आपल्या खोलीत जाऊन खिडकीशी खुर्ची ओढली आणि कपाटातून बाकीच्या वह्या आणून टेबलावर ठेवल्या. जेवायचं राहून गेलं. दुपारचं ऊन गजांमधून टेबलावर आलं होतं. त्यांनी दुसरी वही उघडली.

'नामा अक्षर बघून रडायचा. याने तीन महिन्यांत पहिलीचं पुस्तक संपवलं, मग थोरल्याचं चौथीचं. कागद दिसला की वाचतो. पुड्यांचे कागद वाचतो. वाचायला मिळालं नाही तर भिंतीकडे बघत बसतो आणि घरातली माणसं आजारी पडतात. आई तशीच गेली. आता दर शनिवारी पुस्तक आणीन. त्याचं पोट भरलेलं असावं.'

नामदेवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

शनिवार. दारात चपला काढायच्या आधी अक्का पिशवीत हात घाली. तेवढ्यासाठी ते आठवडाभर थांबत.

'वडिलांनंतर बाहेरून कडी लावायला लागले. झोपेत चालतो असं सांगितलंय. तो चालत नाही. तो झोपत नाही. कडी लावल्यावर मी दाराला कान लावते. आत तो डोळे मिटून माझं ऐकत असतो.'

हे खरं होतं. ऐकत तर ते असत. पण ते काय म्हणून? मुलं ऐकतात तसंच ना?

तिसऱ्या वहीत नांदेड होतं. नामदेवराव एकोणतीस वर्षांचे असताना एक स्थळ आलं होतं, रंजना नावाची मुलगी. तिने चहाचा कप देताना त्यांना विचारलं होतं, "तुम्ही सध्या काय वाचताय?" आयुष्यात कुणा बाईने त्यांना विचारलेला तो सगळ्यांत सुंदर प्रश्न होता. मग तिकडून नकार आला. आपल्यात काय कमी असेल याचा शोध घेत त्यांनी पुढची वर्षं काढली होती. अक्का तेव्हा आठ दिवस त्यांच्या उशाशी बसून होती.

'मी एकटी नांदेडला जाऊन आले. त्याला फिट येतात असं सांगितलं. देव मला क्षमा करो. दुसऱ्याच्या पोरीच्या घरात मी काय पाठवणार होते? माझं लग्नही तसंच राहिलं. याला इथे सोडून मी जाऊ कशी? थोरल्याची पोरं लहान आहेत.'

नामदेवरावांनी वही खाली ठेवली. उठून पाणी प्यायले. भांड्याला हात लागला तो उजवा होता. त्यांनी मुद्दाम डाव्या हाताने भांडं धरून पाहिलं. पाणी सदऱ्यावर सांडलं.

त्यांना राग यायला हवा होता. आलाही असेल. पण त्यांना राग धरायची सवय नव्हती, त्यामुळे तो नुसता छातीत बसून राहिला. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने आईविना पोरासारखं कुणाकडे जाऊन विचारायचं? ज्या बाईने आपल्याला भरवलं, ती भरवताना मोजून बघत होती. जिने नजरेआड होऊ दिलं नाही, ती पहाऱ्यावर होती.

चौथी वही.

'आज करीचा दिवस. झाडाखाली उभा केला. ज्याने दिला त्याने परत न्यावा, म्हणून दहा पावलांवर थांबले. हळू आवाजात चार वेळा नामा अशी हाक मारली. चारही वेळा हा ओ म्हणाला. मी याला हाक मारत नव्हते.'

पाचवी. एकाच वाक्यापाशी त्यांची नजर अडली.

'जगातलं सगळं तो वाचतो. एवढी एक लिपी मी त्याच्यापासून राखली आहे. मी इथे राहते.'

सहाव्या वहीत अक्षर म्हातारं झालं होतं. ओळी खाली उतरत होत्या.

'आज त्याने माझी नखं कापली. किती जपून कापली. चष्मा नाकावर आलेला, ओठ मिटलेले. अडुसष्ट वर्षं झाली. वाटलं, आता विचारून टाकावं. नाही विचारलं. संध्याकाळी कडी लावली.'

फाटक वाजलं. प्रियदर्शिनी होती. सहा वाजून गेले होते. हातात तिच्या आईने दिलेला गुळाच्या पोळ्यांचा डबा.

"आजोबा, लाईट नाही लावली? अंधारात काय वाचताय?" ती खोलीच्या दारात थांबली. "काय झालं? जेवला नाही का?"

"तुझ्या मोठ्या अक्कांनी मला फसवलं," नामदेवराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज घसा न खाकरता निघाला होता. "एक दिवस नाही. रोज. सगळ्या घरादाराला सांगितलं जीव लावते म्हणून, आणि इथे बसून हे लिहीत होती."

"कोण? मोठ्या अक्का? असं काय पण?"

"ऐक. माझं खरं नाही वाटत ना? ऐक तिच्याच तोंडून." त्यांनी सहावी वही जवळ ओढली आणि नखांचं ते पान वाचायला लागले. आधी तिच्या शब्दांत, मग मराठीत. ओळीखालून त्यांचं बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं. ओळ संपली की पुन्हा उजवीकडे. कुठे अडलं नाही.

वाचून झालं तरी प्रियदर्शिनी टेबलाशीच उभी होती. ती त्यांच्या बोटाकडे बघत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "हे तुम्हाला कोणी वाचून दाखवलं?"

"मोइनुद्दीन साहेबांनी."

"तुम्ही तर एकच वही नेली होती. सकाळी फोनवर सांगितलंत. पहिली."

नामदेवरावांनी टेबलाकडे पाहिलं. पाच वह्या उघड्या, पालथ्या, एकावर एक. मग समोरच्या पानाकडे पाहिलं. मुंग्या शोधाव्यात तशी नजर फिरवली. मुंग्या नव्हत्या. सरळ, स्वच्छ अक्षर होतं, आणि ते वाचायचं नाही असं ठरवूनसुद्धा वाचलं जात होतं.

"मी... मी पप्पांना घेऊन येते," प्रियदर्शिनी म्हणाली. डबा तिने जमिनीवरच ठेवला. जाताना तिने पाठ फिरवली नाही. दारापर्यंत ती मागे मागे सरकत गेली आणि बाहेर पडून तिने खोलीचं दार ओढून घेतलं.

फाटक वाजलं. स्कूटर सुरू झाली. गल्लीच्या टोकाशी वळली, मोठ्या रस्त्याच्या आवाजात मिसळली आणि ऐकू येईनाशी झाली.

नामदेवरावांनी झाडाच्या आधीचं आठवायचा प्रयत्न केला. म्हशीचं नाव आठवलं. गल्ली आठवली. म्हैस आठवली नाही.

त्यांनी पहिली वही उजवीकडून उघडली. मोइनुद्दीन साहेबांनी उलटून टाकलेलं ते पहिलं पान. बावीस वर्षांच्या मुलीचं ताठ, देखणं अक्षर.

'हे तुला वाचता आलं, म्हणजे मी आता विचारते. माझा नामा कुठे आहे?'

"मीच, अक्का," ते म्हणाले. "मीच नामा. दत्तोबांचा. काचीगुड्याचा."

रिकाम्या खोलीत ते पाठ केल्यासारखं वाटलं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. दाराबाहेर, अगदी हळू, कुणीतरी कडी जराशी वर उचलून धरली, आणि मग सरकवली.